काचेचा पूल नंतर बघू, आधी चालायला वाट द्या

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. वाचून राग आला तर येऊ द्या, थोडा यावा म्हणूनच लिहितोय.

मार्चमध्ये लेकीकडे जर्मनीला गेलो होतो. तिने मला आणि हिला तीन दिवस रोम दाखवलं. तिथले फोटो टाकले तेव्हा आपल्या शहापूर-मुरबाडच्या पुष्कळ लोकांनी खाली लिहिलं, "काका, नशीबवान आहात." छान वाटलं. पण पाच-सहा जणांनी एकच वाक्य लिहिलं होतं: "आपल्याकडे काय आहे बघायला?" ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आजची पोस्ट म्हणजे त्या वाक्याला उत्तर.

रोममधला दुसरा दिवस आम्ही पूर्ण पायी काढला. सकाळी आठला कोलोसियमपाशी होतो. तिथून फोरमचे पडके खांब, मग टेकडी चढून पलीकडे, मग गल्लीबोळातून पँथिऑन, आणि संध्याकाळी त्रेवीचं कारंजं. माझं वय एकसष्ट. हिचे गुडघे दुखतात, घरी असताना ही बाजारपेठेतून रिक्षाशिवाय परतत नाही. तरी त्या दिवशी आम्ही एकदाही टॅक्सी केली नाही.

कसं जमलं? रात्री हॉटेलवर पाय चेपत बसलो होतो तेव्हा विचार केला. फुटपाथ बहुतेक सगळीकडे सलग होता. जुन्या शहरात वाटेल त्याची गाडी शिरू देत नाहीत, त्यामुळे मागून हॉर्न नाही. थोडं चाललं की बसायला ओटा नाहीतर बाक. आणि मला सगळ्यात आवडलं ते पाणी. रस्त्याच्या कडेला लोखंडी खांब असतात, त्यांना खाली वळवलेला नळ. दिवसरात्र वाहणारं, प्यायचं, फुकट. नासोनी म्हणतात त्यांना. १८७४ पासून बसवतायत, शहरभर असे अडीचेक हजार आहेत. म्हणजे आपली पाणपोईच की! दिवसभर आम्ही एक बाटली विकत घेतली नाही.

रोम सुंदर आहे यात वाद नाही. पण मला ते सुंदर दिसलं, कारण मला ते चालत बघता आलं. हेच शहर बसच्या खिडकीतून बघितलं असतं तर चार फोटो आणि मान दुखली, एवढंच हाती लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी लेक आम्हाला शहराबाहेर 'व्हिया आपिया'वर घेऊन गेली. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये बांधायला घेतलेला रस्ता. मोठमोठे काळे दगड बसवलेले, काही ठिकाणी गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा अजून दिसतात. लोक चालतायत, सायकली चालवतायत, कोणी कुत्रं फिरवतंय. हा रस्ता २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि तो निर्णय झाला आपल्या दिल्लीतल्या बैठकीत. त्या दगडांवर उभा राहून मी हिला म्हटलं, "अगं, आपल्या वैशाखऱ्याला असाच रस्ता आहे." ती म्हणाली, "आहे ना. पण लेकीला तुम्ही कधी नेलंत तिथे?"

गप्प बसलो. लेक तीस वर्षांची झाली. रोमचा रस्ता तिने मला दाखवला. मी तिला नाणेघाट दाखवला नव्हता.

आता ज्यांना 'काय आहे बघायला' असं वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

नाणेघाट म्हणजे कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल जुन्नरला चढवायची वाट. सातवाहनांच्या काळातली. वरच्या टोकाला कातळात खोदलेली गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. कोलोसियम उघडलं इसवी सन ८० मध्ये. म्हणजे ज्या कोलोसियमसाठी आपण विमानाने जातो, त्याच्या पायाचा दगड बसायच्या आधीपासून आपल्या घाटात राणीचा लेख कोरलेला होता. यज्ञात किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली त्याचा हिशेब आहे त्यात. त्या हिशेबातले आकडे हे आपल्या अंकांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी आहेत. याच अंकांचं कूळ पुढे अरबांमार्फत युरोपात गेलं. रोममध्ये माझ्या तिकिटावर जे आकडे छापले होते, त्यांचे खापरपणजोबा आपल्या घाटात बसलेत.

रोमशी नातं एवढ्यावर संपत नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाश्याच्या प्रवासवहीत, पेरिप्लसमध्ये, आपलं कल्याण बंदर म्हणून नोंदलेलं आहे. त्याच शतकात रोमचा प्लिनी तक्रार करत होता की हिंदुस्थान दरवर्षी आमची पाच कोटी नाणी खेचून घेतो. आज आपण युरो मोजून रोमला जातो. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा पैसा इकडे यायचा, आणि कोकणातून देशावर जायच्या ज्या मोठ्या वाटा होत्या त्यातली एक आपल्या मुरबाड तालुक्यातून चढते.

हे एकच ठिकाण झालं. शहापूरचा माहुली घ्या. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवायची शेवटची लढाई या गडावरून दिली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये महाराजांनी परत घेतला. मुरबाडचा सिद्धगड घ्या. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीने पडले. गोरखगड, मच्छिंद्रगड, आहुप्याची वाट, म्हशाची जत्रा. अजून किती सांगू?

तर परत आल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरायच्या आधी, भाच्याला घेऊन नाणेघाटात गेलो. मुद्दाम एसटीने. शहापूरहून सरळगाव, तिथून दुसरी गाडी पकडून वैशाखरे. उतरलो आणि पहिला पंधरा मिनिटांचा प्रवास जीव मुठीत धरून केला. हायवेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर हातभर जागा, तीही खडीची. बाजूने ट्रक गेला की टोपी उडते. त्याच पट्टीवरून आमच्या पुढे दोन शाळकरी पोरी चालल्या होत्या, कडेवर लहान भाऊ. त्यांना ट्रकची सवय झालेली. मला त्या सवयीचीच भीती वाटली.

आत जंगलात शिरलो. फाट्यावर एकदा चुकलो. ट्रेकर पोरांनी दगडांवर मारलेले बाण, त्यांच्या भरवशावर पुढे गेलो. दोघांत तीन बाटल्या पाणी होतं, निम्म्या चढात संपलं. वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. त्या बघितल्यावर मात्र थकवा गेला. कोणाच्या हातांनी खोदल्या असतील, किती बैलांचे आणि किती हमालांचे पाय त्यांवरून गेले असतील! गुहेजवळ पाण्याची टाकी आहेत, तीही त्याच काळातली. लक्षात घ्या, दोन हजार वर्षांपूर्वी वाट बांधणाऱ्याला कळत होतं की चढून आलेल्या माणसाला आधी पाणी लागतं.

गुहेत राजघराण्याच्या मूर्ती होत्या. वर नावं कोरलेली आहेत, सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी. मूर्ती गेल्या. उरलेत फक्त पाय.

बाहेर येऊन घाटमाथ्यावर गेलो तर तिथे गाड्याच गाड्या. जुन्नरकडून डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत येतो. उतरायचं, अंगठ्याच्या सुळक्यासमोर फोटो काढायचा, मक्याचं कणीस खायचं, परत. मी जुन्नरकरांना नावं ठेवत नाही, त्यांनी त्यांची बाजू केली. पण आपली बाजू? इतिहासात ही वाट खालून वर चढते. ती खालची अर्धी वाट आपल्या ताब्यात आहे आणि आपण तिचं काहीच केलेलं नाही.

आता खरा मुद्दा. मला भांडायचंय ते एका समजुतीशी. ती समजूत अशी: पर्यटन म्हणजे गाडी वरपर्यंत गेली पाहिजे. पर्यटन वाढवायचं म्हटलं की आपल्या तोंडी काय येतं? माळशेजला काचेचा पूल. कुठे रोपवे. कुठे मोठं पार्किंग. काचेच्या पुलाच्या घोषणा ऐकून कान किटले. एकाने तरी आजवर भाषणात म्हटलंय का, की मी वैशाखऱ्यापासून नाणेघाटापर्यंतची पायवाट नीट करून देतो? नाही म्हणणार. पायवाटेचं उद्घाटन करताना फीत कापून फोटो चांगला येत नाही.

हा विषय मी दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत मांडला होता. कोणाची बैठक ते सांगत नाही. समोरून उत्तर आलं, "चालणारे असे किती येतात हो? गाडीवाल्यांचा विचार करा, पैसा तो खर्च करतो." सगळे हसले. मी बसलो खाली.

तेव्हा सुचलं नाही ते उत्तर आज देतो. गाडीवाला पैसा खर्च करतो हे खरं, पण आपल्या गावात करत नाही. तो डोंबिवलीत पेट्रोल भरतो, ढाब्यावर जेवतो, वर फोटो काढतो, अंधार पडायच्या आत घरी. गावातून तो ऐंशीच्या वेगाने जातो आणि धूळ आणि चिप्सची पाकिटं ठेवून जातो. चालणाऱ्याला गावात थांबावंच लागतं. त्याला सकाळी सहाला चहा लागतो, पोहे लागतात. वाटाड्या लागतो. आदल्या रात्री पडवीत झोपायला जागा लागते. परत आल्यावर भाकरी आणि पिठलं लागतं. रोमच्या त्या एका दिवसात आम्ही किती ठिकाणी थांबलो सांगू? दोनदा कॉफी, एकदा जेवण, एकदा आइस्क्रीम, नातवाला एक लाकडी खेळणं, हिला एक स्कार्फ. सगळी छोटी दुकानं. टॅक्सीत असतो तर त्यातल्या एकाही दुकानदाराला आमचा पैसा मिळाला नसता.

काही जण म्हणतील, "काका, तुम्हाला चालण्याचं कौतुक सुचतंय. आमच्या बाया डोक्यावर हंडा घेऊन रोज चालतात, त्यांना विचारा." बरोबर. हा प्रश्न मला वैशाखऱ्याच्या वाटेवर एका आजीनेच विचारला. मोळी घेऊन उतरत होती. म्हणाली, "आम्ही सारा जलम चढलो-उतरलो बाबा, कोनी फोटू नाय काढला. तुमाला ह्यात काय गोडी वाटते?"

आजीला मी उत्तर देऊ शकलो नाही. पण माझा मुद्दा आजीच्या विरोधातला नाही, आजीच्याच बाजूचा आहे. हौसेने चालणारा आणि नाइलाजाने चालणारा, दोघांची वाट एकच आहे. दोघांना लागतं ते एकच. पायाखाली नीट वाट, मध्ये सावली, प्यायला पाणी, वाहनापासून सुरक्षित कडा. वाटेच्या तोंडाशी नळ बसला तर ट्रेकर वर्षातून एकदा पिईल, पाडा रोज पिईल. आणि उलटं बघा. पाड्यावरच्या चालणाऱ्या माणसाला आपण किंमत दिली नाही, म्हणून बाहेरून येणाऱ्या चालणाऱ्यालाही नाही. काचेच्या पुलावर आजी कधी चढणार?

पाण्याचा विषय निघालाच आहे तर ऐका. त्रेवीच्या कारंज्याला पाणी ज्या जलवाहिनीतून यायचं ती इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधलेली, आणि त्याच नावाने ती व्यवस्था आजही चालू आहे. शहराबाहेरून पाणी आणायचं ही रोमची विद्या. आपल्याला ती नवीन नाही. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून शहापूरचं पाणी मुंबई पिते. आज मुंबईच्या पाण्यात सगळ्यात मोठा वाटा भातसाचा, तेही शहापूरचंच. आणि आपल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. भावलीच्या पाण्याची वाट बघण्यात किती वर्षं गेली तुम्हीच मोजा. रोममध्ये वाटसरूला फुकट वाहतं पाणी मिळतं. अख्ख्या मुंबईला पाजणाऱ्या तालुक्यात वाटसरू वीस रुपयांची बाटली विकत घेतो आणि आजी दोन मैल चालते. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि रस्ते? समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. ७०१ किलोमीटर, आपल्या शहापूरच्या जमिनीतून. त्यावर पायी चालायला बंदी, दुचाकीलाही बंदी. वेगवान रस्त्यावर ती हवीच, मान्य. पण ज्या रस्त्यांवर बंदी नाही तिथे तरी चालणाऱ्याला जागा आहे का? मुंबई-नाशिक महामार्गावर आसनगाव ते कसारा आपली माणसं रस्ता कशी ओलांडतात ते रोज बघतोच आपण. मुरबाडला तर आजही रेल्वे नाही. म्हणजे निम्मं मुरबाड एसटीने येतं आणि उरलेलं अंतर पायाने. त्या पायांसाठी अंदाजपत्रकात किती ठेवलं, कधी कोणी विचारलंय?

दुसरी एक गोष्ट दर पावसाळ्यात होते. धबधबे, धरणं, गड यांवर बंदीचे आदेश निघतात. लोक बुडतात, पडतात, म्हणून निघतात. ज्यांची पोरं गेली त्यांचं दुःख मी हलकं करत नाही. पण बंदी हा एकच उपाय आहे का? त्रेवीच्या कारंज्यापाशी चेंगराचेंगरी व्हायला लागली तेव्हा त्यांनी कारंजं बंद केलं नाही, एका वेळी चारशेच माणसं कठड्याजवळ सोडायला लागले. आम्ही रांगेत थोडा वेळ थांबलो आणि गेलो. व्हेनिसने गर्दीच्या दिवशी येऊन-जाऊन करणाऱ्यांकडून २०२४ पासून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. मोजून सोडा, पावती फाडा, गावातलीच दोन पोरं वाटाड्या म्हणून सोबत द्या. ते पैसे गावाला मिळतील आणि पोरांना जून ते सप्टेंबर काम मिळेल. बंदीतून कोणाला काय मिळतं? चोरवाटेने जाणारे तर जातातच.

आता नेहमीचं उत्तर येईल: "जमीन वनखात्याची आहे, काही करता येत नाही." हे उत्तर मी पंचवीस वर्षं ऐकतोय आणि ते अर्धवट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) वाचा. रस्ता, पिण्याचं पाणी, पाइपलाइन अशा तेरा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. ग्रामसभेची! म्हणजे तुमची-माझी. शिवाय शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग पेसाखाली येतो, तिथे ग्रामसभेचा शब्द आणखी वजनदार. कायदा हातात आहे. ठराव लिहायला आपण बसत नाही.

म्हणून मागणी अगदी साधी ठेवतो.

एक. वैशाखरे ते नाणेघाट, माहुली गाव ते माहुली गड आणि सिद्धगड, या तीन वाटा आधी धरा. सिमेंट नको, रेलिंगची जत्रा नको. फाट्यावर दगडी खुणा, पाणी वाहून जायला जागा, ढासळलेल्या पायरीची डागडुजी. बस.

दोन. वाटेच्या तोंडाशी पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह. बायकांसाठी वेगळं, कुलूप न लावलेलं.

तीन. एसटीची सकाळी लवकर एक गाडी आणि संध्याकाळी परतीची एक, शनिवार-रविवार नक्की. कॉलेजच्या पोरांनाही तीच लागते.

चार. गावातल्या पोरापोरींना वाटाड्याचं प्रशिक्षण आणि पावतीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात.

पाच. हायवेच्या कडेला, निदान शाळा असलेल्या गावांत, चालायला पक्की जागा.

हे सगळं झालं की मग काचेच्या पुलाचा विषय काढा. मी स्वतः येऊन नारळ फोडेन.

आणि आता आपल्याकडे वळतो, कारण नुसतं सरकारला बोलून मोकळं होता येत नाही. रोममध्ये मी खिशात केळ्याची साल घेऊन फिरलो, कचरापेटी सापडेपर्यंत. तोच मी कसाऱ्याच्या लोकलमध्ये शेंगांची टरफलं सीटखाली टाकलेली आहेत. तिकडे लाज वाटते आणि इकडे वाटत नाही, ती का, याचा विचार मी करतोय, तुम्हीही करा. आपल्या शाळांच्या सहली वॉटरपार्कला जातात. नागनिकेच्या लेखासमोर उभा राहिलेला पाचवीचा एक वर्ग मला दाखवा. २ जानेवारीला सिद्धगडावर हार घालतो आणि ३ जानेवारीला विसरतो. जुलै २०२५ मध्ये महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या बारांत माहुली नाही. नसू दे. पण ज्यांनी स्टेटस ठेवला त्यातले किती जण माहुलीवर चढलेत, प्रामाणिकपणे हात वर करा.

मी चढलो नव्हतो, बावीस वर्षं. पायथ्याशी राहून. दिवाळीत लेक येणार आहे. तिला विमानतळावरून आणलं की पहिल्या रविवारी नाणेघाट, दुसऱ्या रविवारी माहुली, असं ठरलंय. हिने गुडघ्याचा पट्टा आत्ताच आणून ठेवलाय.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. आमच्या गावात मी ठराव मांडणार आहे, पाण्याचा नळ आणि वाटेच्या डागडुजीचा. तुमच्या गावातून अशी वाट जात असेल तर तुम्हीही मांडा. मसुदा हवा असेल तर खाली सांगा, पाठवतो. हसणारे हसतील. मागच्या वेळी मी खाली बसलो होतो, या वेळी नाही बसणार.

पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा. फक्त 'आपल्याकडे काय आहे बघायला' हे आता परत लिहू नका.

जय शिवराय.